चिठ्ठ्या आणि चतुर्थांश: सात गावांच्या सोयाबीनची एक यादी

हे प्रकरण लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं आहे. कंपनीचं आणि गावांचं नाव देत नाही. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही आकडेही थोडे इकडेतिकडे केलेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तसंच ठेवलंय. यातली मुख्य चूक माझी होती, त्यामुळे ती सांगायला कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही.

पार्श्वभूमी

सात गावं, २४० सभासद, सगळे सोयाबीनवाले. तेरणेच्या काठाला काळी भारी जमीन, थोडं वर सरकलं की मध्यम, आणि माळाला मुरमाड. तिथं हातभर खोदलं की कुदळ वाजते.

२०२३ चा खरीप आठवत असेल. पेरण्या उशिरा झाल्या आणि ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट अशी त्याची नोंद झाली. सोयाबीन फुलात आणि शेंगा धरायच्या बेतात असताना पावसाने पाठ फिरवली. काळीतल्या पिकाने जमिनीतल्या ओलीवर कसातरी तग धरला. माळावरच्या पिकाने माना टाकल्या.

पुढच्या वर्षासाठी कंपनीला एका संस्थेकडून निधी मिळाला. ६० कुटुंबांपुरताच. त्यात रुंद वरंबा सरी यंत्राने म्हणजे बीबीएफने पेरणी, घरच्या बियाण्याची उगवण चाचणी, बीजप्रक्रिया आणि हंगामात शेतावर तीन भेटी एवढं बसत होतं. खर्च एकरी दोन हजारांच्या घरात. निधी देणाऱ्यांची अट साधी होती: ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांना द्या.

२४० मध्ये ६० म्हणजे पाव. बैठकीत कोणीतरी म्हणालं, "खालचा पाव हिस्सा घ्या की." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. आज मागे वळून बघताना पहिला निर्णयाचा क्षण मला तोच दिसतो, आणि त्या वेळी तो निर्णय आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. पाव हा आकडा शेतातून आलेला नव्हता, तिजोरीतून आलेला होता. निधी ८० कुटुंबांचा असता तर आम्ही तेवढ्याच खात्रीने "खालचा एक तृतीयांश" म्हणालो असतो.

पहिली यादी

माझं काम आकडेवारीचं. एप्रिल २०२४ मध्ये दोन मुलं गावोगाव फिरली आणि प्रत्येक सभासदाला एकच प्रश्न विचारून आली: गेल्या खरिपात एकरी किती झालं?

आता आपल्याकडे एकरी हिशेब फार कमी लोक सांगतात. सांगतात तो बॅगचा. "बॅगला पाच झालं." बॅग म्हणजे एकर असं धरून चालायचं. पण सगळ्या बॅगा ३० किलोच्या नसतात, आणि टोकण करणाऱ्याची बॅग एकराच्या पुढे जाते. त्यात तुरीचे पट्टे. चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर असेल तर तुरीखालची जागा कोणी वजा करतो, कोणी करत नाही. मुलांनी जे ऐकलं ते लिहिलं, त्यांना दोष नाही. प्रश्नच आम्ही तसा दिला होता.

२४० उत्तरांपैकी २२ जणांनी पाव-अर्ध्या क्विंटलचा उल्लेख केला. बाकी सगळे पूर्ण आकडे: तीन, चार, पाच, सहा. इथेच माझी भुवई वर जायला हवी होती. गेली नाही. मी उताऱ्याचा, म्हणजे एकरी उत्पादनाचा, रकाना चढत्या क्रमाने लावला, वरच्या ६० ओळींना पिवळा रंग दिला आणि चारही भागांना अ, ब, क, ड अशी अक्षरं दिली. खालचा भाग ड. दहा मिनिटांचं काम.

मे महिन्यात, मंदिरापुढच्या पारावर, ऊन उतरल्यावर यादी वाचली. चाळिसाव्या नावापर्यंत शांतता होती. साठावं नाव झालं आणि मागून एकजण उठला. त्याचा थोरला भाऊ यादीत होता, तो नव्हता.

"एका बांधाच्या दोन बाजू हायेत सर. पेरा एका तिफणीनं, रास एका हळंब्यात. त्याला चार, मला चार. त्याचं नाव हाय, माझं नाही. ह्यो कुठला हिसाब?"

हिशेब असा होता. चारपेक्षा कमी सांगणारे ५२ जण होते. बरोबर चार सांगणारे ३१. साठ पुरे करायला त्या ३१ मधले आठच हवे होते. सारखे आकडे आले की संगणक त्यांना मूळ यादीतल्या क्रमाने ठेवतो, आणि मूळ यादीत पहिलं गाव अध्यक्षांचं होतं. त्या गावात चार क्विंटलवाले नऊ. त्यातले पहिले आठ आत आले, आणि बाहेर राहिलेला नववा म्हणजे हा धाकटा भाऊ. बाकी सहा गावांतल्या चार क्विंटलवाल्यांपैकी एकही नाही.

अध्यक्षांच्या गावचे आठ आत आणि दुसऱ्या गावचा एकही नाही. हे कळल्यावर पारावर काय झालं असेल ते लिहीत बसत नाही. अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी यादीला हातही लावला नव्हता. पण ते पटवायचं कसं? "कॉम्प्युटरने केलं" असं मी म्हणालो, आणि ते वाक्य खरं असूनही किती पोकळ वाटतं ते तिथेच कळलं.

उठताना एक काकू जवळ आल्या. यजमान गेल्यापासून दोन एकर त्या एकट्या बघतात. यादीत त्यांचं नाव होतं, मदत मिळणार होती, तरी चेहरा उतरलेला.

"आमाला ड तुकडीत टाकलाव व्हय?"

अडचण नेमकी कुठे होती

रात्री आबांच्या ओसरीवर बसलो. आबांची नात लातूरला सीईटी देऊन निकालाची वाट बघत होती. आबा म्हणाले, "पोरगी म्हणती नव्वद पडतील. शंभरातले नव्वद म्हणजे चांगलंच की." मी म्हणालो, आबा, ते नव्वद मार्क नव्हेत. ते पर्सेंटाइल. म्हणजे तिच्या सत्रात बसलेल्या दर शंभरातले नव्वद जण तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी. पेपर सोपा असो की अवघड, ती रांगेत कुठे उभी आहे एवढंच ते सांगतं. तिला किती येतं ते सांगत नाही.

आबांनी पान लावता लावता विचारलं, "मग आपली यादी तसलीच?"

तसलीच. आकडे क्रमाने लावून सारख्या संख्येचे भाग पाडायचे, ही युक्ती सगळीकडे वापरतात. चार भाग पाडणारे तीन छेद म्हणजे चतुर्थकं, दहा भागांचे नऊ छेद म्हणजे दशमकं, शंभरांचे नव्याण्णव म्हणजे शतमकं. बोलताना आपण छेदाला आणि गटाला एकच नाव देतो, आणि घोळाची सुरुवात तिथून होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातल्या वस्तू, पाणी, संडास, भिंती-छप्पर यांवरून कुटुंबांना गुण देतात आणि देशाच्या लोकसंख्येचे पाच सारखे भाग करतात. सगळ्यात खालच्या पाचव्या भागात लसीकरण किती, वरच्यात किती, अशी तुलना त्यातून होते. पावसाच्या बाबतीत ऑस्ट्रेलियात गिब्ज आणि माहेर यांनी १९६७ मध्ये जुन्या नोंदींची दशमकं करून दुष्काळ मोजायची पद्धत मांडली. आपलं हवामान खातं हंगामाच्या अंदाजाचे नकाशे देतं तेही तीन सारख्या भागांवर आधारलेले असतात: सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका, सरासरीपेक्षा जास्त. बालरोगतज्ज्ञाकडच्या वाढीच्या तक्त्यावरच्या वक्र रेघा हीसुद्धा शतमकंच.

या सगळ्या ठिकाणी भागांमधली माथी सारखी असतात, अंतर सारखं नसतं. आमच्या यादीत ड गट पाऊण क्विंटलपासून चारपर्यंत पसरलेला. त्यावरचा क गट चार ते पावणेसहा, ब पावणेसहा ते सव्वासात, आणि अ सव्वासातपासून थेट साडेबारापर्यंत. ड मधला शेवटचा आणि क मधला पहिला यांच्यात काहीच फरक नव्हता. ड मधला पहिला आणि शेवटचा यांच्यात मात्र तीन क्विंटलच्या वर. एकाचं बियाणंही निघालं नव्हतं, दुसऱ्याचा खर्च जवळपास निघाला होता, आणि दोघांना मी एकच अक्षर दिलं होतं.

दुसरी गोष्ट जास्त खोल होती, पण ती मला त्या रात्री अर्धीच दिसली. ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ होते, साठ वर्षं शेती केलेले. ते एवढंच म्हणाले, "सर, एक साल माळाचं, एक साल काळीचं. गेल्या साली माळ बुडाला म्हणून तुमी माळच धरून बसलाव."

कोणकोणते पर्याय होते

पुढचा आठवडा यावर गेला. पेरणी तोंडावर होती.

सगळ्या ३१ जणांना आत घ्यायचं तर आकडा ८३ वर जातो, तेवढे पैसे नव्हते. सगळ्यांना बाहेर ठेवायचं तर ५२ उरतात आणि आठ जणांचा निधी पडून राहतो. व्यवस्थापकांना हा दुसरा मार्ग बरा वाटला, भांडण मिटतं म्हणून. मला तो अजिबात पटला नाही.

रांग सोडून सरळ रेघ ठरवायची, हा आणखी एक पर्याय. शेतकऱ्यांना ही कल्पना नवी नाही. पीक विम्यातलं उंबरठा उत्पादन असंच काढतात: मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन सरासरी, तिला जोखीमस्तराने गुणायचं, आणि महसूल मंडळाचं उत्पादन त्याखाली गेलं की भरपाई. तिथं कोण कितवा हा प्रश्नच येत नाही. सगळे उंबरठ्याखाली जाऊ शकतात, किंवा कोणीच नाही. खर्च भागायला एकरी जेवढं लागतं तेवढी रेघ आखू, असं मी मांडलं. अंदाजे हिशेब केला तर २०२३ मध्ये त्या रेघेखाली शंभराच्या वर लोक आले. गरज खरीच तेवढी होती. पैसे ६० जणांचे.

मग जमिनीनुसार भाग. हलक्या जमिनीचे ९४ सभासद, मध्यमचे ८८, भारीचे ५८. प्रत्येक प्रकारातला खालचा पाव भाग घेतला तर साडेतेवीस, बावीस आणि साडेचौदा. बेरीज बरोबर साठ, पण माणूस अर्धा कसा करणार? गाववार केलं तर आणखी पंचाईत. एका गावात सभासद दहाच. एक्सेलमध्ये २०१० पासून चतुर्थक काढायची दोन सूत्रं आहेत. दहा जणांवर एक सूत्र छेद तिसऱ्या माणसाच्या जरा पुढे टाकतं, दुसरं जरा अलीकडे. म्हणजे एकाने तीन जण आत, दुसऱ्याने दोन. दोन्ही बरोबर. हिंडमन आणि फॅन यांनी १९९६ च्या त्यांच्या लेखात अशा नऊ पद्धती मांडल्यात. मोठ्या आकडेवारीत त्यांचा फरक जाणवत नाही. दहा माणसांच्या गावात तो एक माणूस असतो, आणि त्याला नाव असतं.

जमिनीनुसार भागांची कल्पना संचालकांनी झटक्यात फेटाळली. "सहा क्विंटल काढणारा भारी जमिनीवाला गरजू कसा?" त्यांचं बोलणं त्या क्षणी बरोबर वाटलं. या मुद्द्यावर मी अजून थोडं भांडायला हवं होतं. पुढे येईल.

शेवटचा पर्याय चिठ्ठ्यांचा.

काय केलं

आधी मोजमाप सुधारलं. आठवण बाजूला ठेवली आणि मोंढ्यातल्या आडतीची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, मागितली. पट्टीवर वजन किलोपर्यंत असतं. १८७ जणांकडे ती निघाली, कोणाच्या देवघरातून, कोणाच्या पत्र्याच्या पेटीतून, एकाची तर विम्याच्या कागदांत दुमडलेली. उरलेल्या ५३ जणांनी माल गावातल्या काट्यावर विकला होता किंवा बियाण्याला ठेवला होता. त्यांच्यासाठी हळंबावाल्याची, म्हणजे मळणीयंत्रवाल्याची, वही कामी आली. मळणी कट्ट्यांवर मोजून पैसे घेतात, त्यामुळे कोणाच्या शेतात किती कट्टे झाले ते त्याच्याकडे लिहिलेलंच असतं. तेलाचे डाग पडलेली, दोऱ्याने बांधलेली ती वही तीन हंगामांची होती. मी ज्या माहितीसाठी गावभर मुलं पाठवली ती याच्या ट्रॅक्टरच्या सीटखाली होती. त्यातून ३८ जण मिळाले. १५ जणांची मात्र आठवणच घ्यावी लागली. क्षेत्रातून तुरीचे पट्टे वजा केले.

नवा उतारा दशांशात आला आणि सारखे आकडे जवळपास संपले. त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली: पिवळ्या रंगातल्या ६० पैकी १९ जण साठाच्या बाहेर गेले. मुद्दाम कमी सांगणारे त्यात फार नसावेत. चार म्हणणाऱ्याचे पाच पूर्णांक तीन निघाले ते बहुतेक बॅगच्या हिशेबामुळे. दोघा भावांचं काय झालं? थोरल्याचे तीन पूर्णांक नऊ, धाकट्याचे चार पूर्णांक एक. एका बांधाच्या दोन बाजू.

आता साठावर रेघ मारता आली असती. तीन पूर्णांक नऊ आत, चार पूर्णांक एक बाहेर, आणि कागदावर बोट ठेवायला जागा नाही. पण वीस किलोंच्या फरकावर कोणाला "जास्त गरजू" म्हणायचं हे मला मनातून पटत नव्हतं. पट्टीतल्या वजनात काडीकचरा, मातेरं आणि ओलाव्याची कपात यातच तेवढा फरक पडतो. दशांश आल्याने आमची रेघ खरी झाली नव्हती, ती फक्त खरी दिसायला लागली होती.

म्हणून दुसरी पायरी. खालचे ८० जण पात्र ठरवायचे आणि त्यातून ६० चिठ्ठीने काढायचे. राहिलेल्या २० जणांचा नंबर पुढच्या वर्षी पहिला. हे मी सुचवलं तेव्हा व्यवस्थापक चिडले. "गरज आहे हे आपणच म्हणतो आणि वीस माणसं हातचं राखून ठेवायची? हा काय प्रयोग आहे?" माझं म्हणणं असं की वीस जण तसेही राहणारच आहेत, कारण पैसे साठांचे आहेत. ते कोण, हे वीस किलोंनी ठरवायचं की चिठ्ठीने, एवढाच प्रश्न. आणि चिठ्ठीने ठरवलं तर एक फायदा जादा मिळतो: वर्षाअखेरीला दोन्ही गटांची तुलना करता येते. ही काही माझी अक्कल नव्हे. रॉनल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतांवर हेच पक्कं केलं, आणि कृषी विद्यापीठाच्या कोणत्याही प्रक्षेत्रावर कोणत्या वाफ्यात कोणतं वाण हे आजही असंच ठरतं. तुकडा चांगला बघून आपलं आवडतं वाण तिथं लावायचं नाही.

आबांनी कौल दिला. "चिठ्ठीला कोणी माझं गाव म्हणणार नाही," एवढंच कारण त्यांनी सांगितलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, त्याच पारावर, स्टीलच्या घागरीत ८० चिठ्ठ्या. चौथीतल्या एका मुलीने एकेक काढली. थोरल्या भावाची चिठ्ठी निघाली नाही, धाकट्याची निघाली. लोक हसले, थोरला सुद्धा. अ, ब, क, ड ही अक्षरं मी कागदावरून काढून टाकली. काकूंचं नाव निघालं.

निकाल

२०२४ चा पावसाळा वेगळा होता. मराठवाड्यात सरासरीच्या वर पाऊस झाला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला अतिवृष्टीही. माळाला ते मानवलं. काठच्या काळीत पाणी साचलं, चिबड झाली, शेंगा काळ्या पडल्या. ऑक्टोबरमध्ये पुन्हा पट्ट्या आणि पुन्हा तीच वही.

मदत मिळालेल्या ६० जणांची सरासरी २०२३ मध्ये एकरी ३.२ क्विंटल होती, २०२४ मध्ये ६.४ झाली. बरोबर दुप्पट. व्यवस्थापकांनी वार्षिक अहवालाचा मसुदा केला आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत टाकलं: "उत्पादन दुप्पट". त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. समोर तेच दिसत होतं, आणि ती माणसं चिखलात फिरली होती.

मग मी न मिळालेल्या वीस जणांचा आकडा काढला. ३.३ वरून ५.८.

म्हणजे ज्यांच्या शेतावर आम्ही गेलोच नाही तेही अडीच क्विंटलने वर आले. आमच्यामुळे काही झालं असेल तर ते ३.२ आणि २.५ मधलं अंतर, सुमारे सात दशांश क्विंटल. त्या वर्षीच्या ४,८९२ रुपये हमीभावाने धरलं तर एकरी तीन हजार चारशेच्या आसपास. मोंढ्यात भाव त्याहून खालीच होता. खर्च दोन हजार. तोट्यात नाही, पण दुप्पट तर नाहीच. त्यात वीस हा गट लहान. दोन-चार शेतं इकडची तिकडे झाली असती तर सात दशांशाचे चार किंवा दहा झाले असते.

वीस जणांची वाढ सगळी पावसाची म्हणायची तर तेही पुरेसं नाही. २४० जणांची मिळून सरासरी ५.९ वरून ७.१ झाली, म्हणजे सव्वा क्विंटलच्या आत. मधले ८० जण ५.८ वरून ६.९ वर गेले. आणि वरचे ८० जण, ज्यांना मे महिन्यात सगळे "त्यांना काय कमी आहे" म्हणत होते, ते ८.६ वरून ८.१ वर उतरले. खालचे सगळ्यात जास्त चढले, वरचे घसरले. फ्रान्सिस गॉल्टन यांना १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीत हेच दिसलं होतं: फार उंच आईबापांची मुलं सरासरीच्या जरा जवळ येतात, फार बुटक्यांचीही. एका वर्षाच्या आकड्यांवरून तळाचा गट निवडला की त्यात दोन प्रकारची माणसं येतात. ज्यांची जमीन किंवा पद्धत खरंच कमी पडते ती, आणि ज्यांचं ते वर्ष वाईट गेलं ती. दुसऱ्या प्रकारची माणसं पुढच्या वर्षी आपोआप वर येतात. औषध द्या, नका देऊ. ओसरीवरच्या म्हाताऱ्यांनी हेच सांगितलं होतं, गॉल्टन यांचं नाव न घेता.

२०२४ च्या आकड्यांवरून पुन्हा खालचे ८० काढून बघितले. आधीच्या ८० पैकी त्यात ३७ जण निघाले. निव्वळ नशिबाचा खेळ असता तर सत्तावीसच्या आसपास निघाले असते, आणि नशिबाचा काहीच भाग नसता तर ऐंशीच्या ऐंशी.

अहवालावरून आमची दोन दिवस ओढाताण झाली. शेवटी दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले: मदत मिळालेले आणि न मिळालेले. "दुप्पट" हा शब्द काढला. निधी देणाऱ्यांकडून फोन आला तेव्हा मी मनाची तयारी करून ठेवली होती. तिकडच्या बाईंनी न मिळालेल्या वीस जणांबद्दलच जास्त विचारलं, आणि पुढच्या वर्षाचा निधी दिला.

आता करायचं झालं तर

पहिली गोष्ट, एका वर्षाच्या उताऱ्यावरून रांग लावणार नाही. हळंबावाल्याकडे तीन हंगामांची वही होती. तीन वर्षांची सरासरी घेतली असती तर एकाच वाईट ऑगस्टने माणसं तळाला गेली नसती. वही हातात असूनही मी त्यातलं एकच वर्ष उतरवून घेतलं, कारण प्रश्नावलीत एकच रकाना होता.

दुसरी, जमीन. खालच्या ८० मध्ये ५७ जण हलक्या जमिनीचे होते. म्हणजे आमच्या रांगेने बऱ्याच अंशी माणसाची गरज मोजली नाही, जमिनीची खोली आणि त्या वर्षीचा पाऊस मोजला. बीबीएफच्या सऱ्या जास्तीचं पाणी काढून द्यायलाही उपयोगी पडतात, आणि २०२४ मध्ये त्याची सगळ्यात जास्त गरज काठच्या चिबडात होती. जिथं आम्ही गेलो नाही तिथं. जमिनीनुसार भाग केले असते तर तिथले चौदा-पंधरा जण तरी आले असते. हा पर्याय टेबलावर होता, आणि "सहा क्विंटलवाला गरजू कसा" या एका प्रश्नाने तो उठवला गेला. त्याचं उत्तर असं होतं की त्याच्या शेजारी, तसल्याच मातीत, दुसरा दहा काढतो. मला ते तेव्हा सुचलं नाही.

तिसरी, अक्षरं. गणिताच्या सोयीसाठी पाडलेल्या भागांना नाव दिलं की ते लोकांना चिकटतं. काकू अजूनही मला गमतीने "ड वाले सर" म्हणतात. गंमत आहे तोवर ठीक.

८१ व्या माणसाचं उत्तर मात्र माझ्याकडे आजही नाही. ८० वर रेघ मारली तेव्हा ऐंशीव्याचे चार पूर्णांक सहा होते आणि एक्क्याऐंशीव्याचे चार पूर्णांक सात. त्याला चिठ्ठीही मिळाली नाही. तो काही बोलला नाही म्हणून त्याच्याबद्दल बैठकीत चर्चाही झाली नाही. चिठ्ठीने आम्ही साठावरचं भांडण मिटवलं आणि तसलीच रेघ वीस ओळी खाली नेऊन ठेवली.

२०२५ मध्ये कबूल केल्याप्रमाणे वीस जणांचा नंबर पहिला लागला. बाकीच्या चाळीस जागांसाठी तीन वर्षांची सरासरी आणि जमिनीचे तीन प्रकार, असं सगळं नीट बसवलं. पेरण्या वेळेवर झाल्या. सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो सगळ्यांनी पाहिलाय. काढणीला आलेलं सोयाबीन काठच्या गावांत पाण्याखाली, माळावर कापून रचलेल्या बनमी भिजलेल्या, दाण्याला कोंब.

दिवाळीनंतर मुलं पट्ट्या गोळा करायला गेली. परत आली तेव्हा रकान्यात ९७ जणांपुढे शून्य होतं. २४० मधले ९७ शून्य. त्यांचा खालचा पाव भाग काढायला बसलो तर साठावी ओळ शून्य, एकसष्ठावी शून्य, नव्वदावीही शून्य. मी यादी क्रमाने लावली नाही. गाववार होती तशीच छापली, आणि या खेपेला पहिलं गाव दहा सभासदांचं ठेवलं.